विल्यम कॅमेरन मेंझीज आणि मूकपटांच्या काळातला कलादिग्दर्शक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे मेंझीज कोण? नाव कधी ऐकलं नाही.

ऐकलं नसेल, पण त्यांचं काम तुम्ही बहुधा पाहिलं आहे. ‘गॉन विथ द विंड’मधली लालभडक आकाशासमोरची काळी आकृती ज्यांना आठवते, त्यांना मेंझीज यांचं एक चित्र आठवतं आहे.

विल्यम कॅमेरन मेंझीज यांचा जन्म 29 जुलै 1896 रोजी अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी झाला. आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. येल विद्यापीठात आणि न्यू यॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिक्षण झालं, मग पहिल्या महायुद्धात सैन्यात नोकरी. 1957 साली ते गेले, तेव्हा चित्रपटसृष्टीत त्यांना जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. या चाळीस वर्षांत कलादिग्दर्शकाच्या कामाचा अर्थच बदलला, आणि तो बदलण्यात सर्वांत मोठा वाटा मेंझीज यांचा होता असं माझं ठाम मत आहे.

कलादिग्दर्शक म्हणजे सेट बांधणारा माणूस, एवढंच ना?

सुरुवातीला तेवढंही नव्हतं. 1910 च्या आधीच्या अमेरिकी चित्रपटांत बहुतेकदा रंगवलेला पडदा मागे टांगलेला असे. खिडकी, कपाट, शेकोटी, सगळं त्या कापडावर रंगवलेलं. नाटकमंडळ्यांचे जंगल-पडदा, महाल-पडदा, रस्ता-पडदा आठवा, तोच प्रकार. दार उघडताना भिंत हलायची. रंगमंचावर प्रेक्षक ते खपवून घेतो, कॅमेरा घेत नाही.

मग खऱ्या लाकडाच्या भिंती आल्या, छत नसलेल्या तीन बाजूंच्या खोल्या आल्या. त्या बांधून घेणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी ‘टेक्निकल डायरेक्टर’ म्हणत. त्याच्या हाताखाली सुतार, रंगारी, प्लास्टरवाले, सामानसुमान जमवणारी माणसं. त्याचं काम म्हणजे पटकथा वाचायची, कुठली जागा लागेल ते काढायचं आणि वेळेत उभं करून द्यायचं.

मेंझीज यांनी यात एक प्रश्न घातला: खोली कशी आहे हे नंतर पाहू, आधी सांगा ती दिसणार कुठून? कॅमेरा जमिनीलगत आहे की छताजवळ? लेन्स कोणती? माणूस चौकटीत किती मोठा? हे ठरल्याशिवाय भिंत कुठे उभी करायची हे ठरवताच येत नाही. म्हणून ते खोलीचा नकाशा काढण्याआधी प्रसंगाचं चित्र काढत. पडद्यावर जे दिसायला हवं ते कागदावर, त्याच कोनातून, त्याच उजेडात. मग त्या चित्रावरून उलट मोजत जाऊन सेट बांधला जाई. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं मूळ इथे आहे.

मग पहिले कलादिग्दर्शक तेच का?

नाही. हा मान बहुतेक जण विल्फ्रेड बकलंड यांना देतात, आणि तो रास्त आहे. बकलंड न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर डेव्हिड बेलास्को या नाट्यनिर्मात्याकडे काम करत. बेलास्को रंगमंचावरच्या उजेडाबाबत कमालीचे काटेकोर होते. 1914 साली बकलंड दिग्दर्शक सेसिल डिमिल यांच्याबरोबर लास्की या चित्रपट कंपनीत आले आणि ती शिस्त सोबत घेऊन आले. तोवर चित्रण मुख्यतः उघड्यावर किंवा काचेच्या छताखाली, सूर्याच्या भरवशावर. बकलंड यांनी विजेचे दिवे एका बाजूने टाकून बाकीचा भाग अंधारात ठेवायला सुरुवात केली. 1915 चा ‘द चीट’ पाहा. कागदी पडद्यावर पडलेल्या सावल्यांनी त्यात निम्मी गोष्ट सांगितली आहे. प्रकाश हा नेपथ्याचाच भाग आहे, हे हॉलिवूडला तेव्हा कळलं.

फ्रान्सहून आलेले बेन कारे यांचंही नाव घ्यायला हवं. दिग्दर्शक मॉरिस टूर्नर यांच्यासाठी त्यांनी केलेला 1918 चा ‘द ब्लू बर्ड’ आजही डोळ्यांना सुखावतो. दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्या 1916 च्या ‘इन्टॉलरन्स’मधलं बॅबिलोन वॉल्टर हॉल यांच्या चित्रांवरून फ्रँक वॉर्टमन या सुताराने उभं केलं. एका सुताराने उभं केलेलं ते शहर पुढे तीनेक वर्षं लॉस एंजेलिसच्या रस्त्यालगत तसंच उभं होतं, कारण ते पाडायलाही पैसे लागत.

मेंझीज या धंद्यात आले कसे?

पुस्तकांसाठी आणि जाहिरातींसाठी चित्रं काढणारा तरुण, आणि न्यू यॉर्कहून नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावात ऐन भरात असलेले स्टुडिओ. हॉलिवूडआधी अमेरिकी चित्रपटाचं मोठं केंद्र फोर्ट ली होतं. तिथे काम करताना त्यांना कलादिग्दर्शक अँटन ग्रॉट भेटले.

ग्रॉट पोलंडचे. कोळशाने दाट छायाप्रकाशाची चित्रं काढत, आणि कॅमेऱ्यातून काय दिसेल हे त्या चित्रांतच ठरवून टाकत. मेंझीज यांना गुरू मिळाला तो असा. दोघांच्या एकत्र कामातला एक चित्रपट 1918 चा ‘द नौलाखा’, किपलिंग आणि बॅलस्टियर यांच्या राजस्थानात घडणाऱ्या कादंबरीवरचा. म्हणजे मेंझीज यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे न्यू जर्सीच्या परिसरात हिंदुस्थानातलं संस्थान उभं करणं! ज्या देशात पाऊल टाकलं नाही तो देश कागदावर उभा करायची सवय त्यांना तिथूनच लागली असावी.

पुढे चित्रपटांबरोबर तेही पश्चिमेला, कॅलिफोर्नियात गेले. 1923 साली नटी मेरी पिकफर्डच्या ‘रोझिटा’ या चित्रपटात सेट उभारण्याचं काम मिळालं. दिग्दर्शक होते नुकतेच जर्मनीहून आलेले एर्न्स्ट लुबिच. मेरी पिकफर्डचे पती म्हणजे नट आणि निर्माते डग्लस फेअरबँक्स. पुढचं दार तिथून उघडलं.

‘द थीफ ऑफ बगदाद’बद्दल एवढं का बोललं जातं?

कारण इथे पहिल्यांदा एका सत्तावीस वर्षांच्या चित्रकाराच्या डोक्यातलं जग पूर्णच्या पूर्ण पडद्यावर आलं.

आधीची पार्श्वभूमी सांगायला हवी. 1922 साली फेअरबँक्स यांनी ‘रॉबिन हूड’ केला. त्याचा प्रचंड किल्ला बकलंड यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. तो पाहून फेअरबँक्स हबकले. एवढ्या भिंतींपुढे मी मुंगीएवढा दिसेन, हा चित्रपट मला जमणार नाही, असं त्यांनी म्हटल्याची कथा प्रसिद्ध आहे. दिग्दर्शक अ‍ॅलन ड्वान यांनी मग दरबारातल्या उंच पडद्यामागे एक घसरगुंडी लपवली आणि त्यांना वरून खाली घसरत यायला लावलं. नट खूश झाला आणि काम पुढे सरकलं. किल्ला मोठा असून चालत नाही, नटाला त्यात खेळायला जागा हवी, हा धडा त्या आवारातच मिळाला होता.

पुढच्या चित्रपटासाठी फेअरबँक्स यांना किल्ल्याचं वजन नको होतं, स्वप्नाचा हलकेपणा हवा होता. मेंझीज त्यांना भेटायला गेले तेव्हा ‘हा पोरगा फार लहान आहे’ असं वाटून त्यांना परत पाठवलं गेलं, आणि थोड्याच दिवसांत मेंझीज चित्रांची चवड घेऊन पुन्हा दारात उभे राहिले, असं सांगतात. चित्रं पाहिल्यावर वयाचा प्रश्न निघाला नाही.

सांता मोनिका बुलेव्हार्डवरच्या स्टुडिओत साडेसहा एकरांवर बगदाद उभं राहिलं. मला विचाराल तर त्याची खरी कमाल उंचीत नाही, जमिनीत आहे. शहराची फरशी गडद आणि चकचकीत ठेवली होती, इतकी की घुमट आणि मिनार तिच्यात उलटे दिसावेत. वर फिकट रंगाच्या इमारती, खाली त्यांचं प्रतिबिंब, आणि मध्ये पाया कुठे आहे ते डोळ्याला सापडतच नाही. त्यामुळे शहर तरंगतंय असं वाटतं. घोटलेल्या कागदासारखी ती जमीन राखायला किती माणसं रोज पुसत असतील याचा विचार करा. शेकडो लोक दिवसभर त्यावरून धावत होते.

दुसरी गोष्ट, उभ्या रेषा. दरवाजे माणसाच्या कितीतरी पट उंच, जिने अरुंद आणि सरळ वर जाणारे. फेअरबँक्स यांचं शरीर म्हणजे उडी, चढाई, झेप. मेंझीज यांनी त्या शरीराला चढायला जागा दिली. राजवाड्याचं दार जबड्यासारखं उघडतं, भिंतीला दोरी लटकते, मोठमोठ्या रांजणांत माणूस लपतो. प्रत्येक वस्तू नटाच्या एखाद्या हालचालीसाठीच तिथे आहे. एकही खांब उगाच नाही.

उडत्या गालिच्याचंही विचारतात. पोलादी पत्र्यावर गालिचा, पत्रा तारांनी क्रेनला टांगलेला, आणि खाली खरीखुरी गर्दी. म्हणूनच तो इतका खरा वाटतो. फेअरबँक्स खरोखरच लोकांच्या डोक्यावरून जात होते.

एकूण खर्च सुमारे 11 लाख डॉलर, त्या काळात डोळे पांढरे करणारा. चित्रपट मार्च 1924 मध्ये न्यू यॉर्कला लागला.

पण ते बगदाद खोटंच आहे ना? तिथे ना अरबी काही, ना इराणी.

खरं आहे. आणि हा प्रश्न टाळू नये. त्या शहरात मोगली कमानी आहेत, इराणी लघुचित्रांतल्या झाडांची वळणं आहेत, चिनी छपरं आहेत, रशियन बॅलेच्या नेपथ्याची छाप आहे, आणि इंग्रजी परीकथांच्या पुस्तकांतल्या रंगीत चित्रांचा सूर आहे. पूर्वेकडचे सगळे देश एकाच भांड्यात ढवळायची पाश्चात्त्यांची जुनी खोड इथेही आहे. मंगोल राजपुत्राला खलनायक करण्यात त्या काळचा वर्णद्वेषही आहे. हे नजरेआड करून कौतुक करणं बरोबर नाही.

तरी एक फरक मला मान्य करावासा वाटतो. मेंझीज यांचं बगदाद ‘हे असंच असतं’ असा दावा करत नाही. सुरुवातीपासून ते गोष्टीच्या पुस्तकाचं पान आहे. त्याच दशकात हॉलिवूडमध्ये वाळवंटी रोमान्सपट धडाधड निघत होते आणि त्यांपैकी काही ‘खरा अरबस्तान’ म्हणून विकले जात. 1926 च्या ‘द सन ऑफ द शेख’ची कलाबाजू मेंझीज यांचीच होती, आणि त्याबद्दल मला इतकी माया वाटत नाही.

भारतात ‘थीफ’ कुणी पाहिला होता का?

भरपूर लोकांनी. 1927-28 साली ब्रिटिश सरकारने दिवाणबहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली होती. हिंदुस्थानात तोवर सर्वांत लोकप्रिय ठरलेला चित्रपट म्हणून तिच्या अहवालात ‘थीफ ऑफ बगदाद’चंच नाव आहे. शब्दांची गरज नाही, पौर्वात्य गोष्ट, मारामारी, जादू. गिरगाव असो की लाहोर, प्रेक्षकाला सगळं कळत होतं.

मराठी वाचकाला इथे आपली माणसं आठवणं साहजिक आहे. कोल्हापुरात त्याच दशकात बाबूराव पेंटर हेच करत होते. तेही चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवून पुढे आलेले. 1920 चा ‘सैरंध्री’ त्यांचा. त्यांच्या हाताखाली घडलेले साहेबमामा फत्तेलाल पुढे प्रभातच्या पाच भागीदारांपैकी एक झाले आणि प्रभातचं नेपथ्य त्यांनी सांभाळलं. बाबूरावांवर मेंझीज यांचा प्रभाव होता असं मी म्हणत नाही, ‘सैरंध्री’ तर ‘थीफ’च्या चार वर्षं आधीचा. पण दोन्हीकडे एकच गोष्ट घडली: ज्याचा हात ब्रशवर बसला होता त्याने कॅमेऱ्याला चौकट शिकवली. तारखांचा योगही पाहा. मेंझीज यांना पहिलं ऑस्कर मिळालं 16 मे 1929 ला, आणि कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली 1 जून 1929 ला.

चित्रपट कृष्णधवल होते, मग सेटला कुठलाही रंग दिला तरी चाललं असेल?

उलट! रंगाची सर्वांत जास्त कटकट तेव्हाच होती. 1920 च्या दशकाच्या मध्यापर्यंत वापरात असलेल्या फिल्मला लाल रंग दिसत नसे आणि निळा फार दिसे. लाल गालिचा पडद्यावर काळाठिक्कर. निळं आकाश पांढरंफटक, ढगांसकट गायब. पिवळसर भिंत अपेक्षेपेक्षा काळपट.

म्हणून कलादिग्दर्शकाला डोळ्यांना दिसणारा रंग विसरून, तो फिल्मवर करड्याची कोणती छटा होईल हे डोक्यात ठेवून रंगारी लोकांना सांगावं लागे. प्रत्यक्षात सेट भलतेच विचित्र दिसत: हिरवे, तपकिरी, करडे. शुभ्र पांढऱ्याभोवती उजेडाचं वलय येई, त्यामुळे टेबलावरची चादर, सदरे यांनाही हलका रंग देत. काही जण निळ्या काचेच्या तुकड्यातून सेट पाहून अंदाज घेत. पुढे सगळे रंग नीट टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म स्वस्त होऊन रुळली आणि ही सगळी पाठांतरं पुन्हा बदलावी लागली.

एवढी मोठमोठी शहरं पूर्ण बांधत असत?

क्वचितच. कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच बांधायचं, हे मेंझीज यांच्या पद्धतीचं आर्थिक सूत्रही होतं. चित्र आधी तयार असल्यामुळे चौकटीबाहेरच्या भिंतीवर एक खिळाही वाया जात नसे.

क्लृप्त्या बऱ्याच होत्या. कॅमेऱ्यासमोर काच उभी करून तिच्यावर इमारतीचा वरचा भाग रंगवायचा. खालचा भाग खरा, वरचा काचेवरचा, आणि सांधा कुणालाही कळत नाही. किंवा छोटं प्रतिरूप कॅमेऱ्याजवळ टांगायचं, ते दूरच्या खऱ्या भिंतीला जोडल्यासारखं दिसतं. किंवा गल्ली मागे जाता जाता लहान करत न्यायची, दारं बुटकी, खिडक्या चिमुकल्या, की वीस फुटांची गल्ली दोनशे फुटांची वाटते.

1927 च्या ‘द बिलव्हेड रोग’मध्ये मेंझीज यांनी बर्फाखालचं मध्ययुगीन पॅरिस असंच केलं आहे. छपरं वाकडी, धुराडी कललेली, जिने नागमोडी. जॉन बॅरिमोर त्यात कवी फ्रान्स्वा व्हियों होऊन छपरांवरून बागडतो. कितीतरी वर्षं हा चित्रपट हरवला असं समजलं जाई. मग मेरी पिकफर्डच्या संग्रहात प्रत सापडली. मला हा ‘थीफ’इतकाच प्रिय आहे. त्यातला बर्फ खोटा आहे हे कळतं, तरी गारठा जाणवतो.

पहिलं ऑस्कर कशासाठी मिळालं?

‘द डव्ह’ आणि ‘टेम्पेस्ट’ या दोन चित्रपटांच्या कलादिग्दर्शनासाठी. हॉलिवूड रूझवेल्ट हॉटेलातला तो समारंभ पंधरा मिनिटांत आटोपला आणि निकाल काही महिने आधीच जाहीर झाले होते. ‘सनराइज’साठी रोखुस ग्लीझे आणि ‘सेव्हन्थ हेवन’साठी हॅरी ऑलिव्हर हे इतर दोघे नामांकित होते. ‘सनराइज’ पाहून आजही कुणी म्हणेल की ग्लीझे यांच्यावर अन्याय झाला, आणि त्याला माझ्याकडे फारसं उत्तर नाही. मेंझीज यांना ते ऑस्कर दोन चित्रपटांइतकंच मागच्या पाचसहा वर्षांच्या कामासाठी मिळालं असं मी मानतो.

बोलपट आल्यावर त्यांचं काम कमी झालं का?

कठीण झालं. मायक्रोफोन लपवायला जागा हवी, भिंतीवरून आवाज घुमता कामा नये, आणि कॅमेरा त्याच्या घरघरीमुळे बंद खोपटात कोंडलेला. दोन वर्षांपूर्वी झोकात फिरणारा कॅमेरा अचानक भिंतीला खिळला. 1929 च्याच सुमाराला युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात दिलेल्या व्याख्यानात मेंझीज यांनी कलादिग्दर्शकाला काय काय यावं लागतं याची यादी दिली. सगळ्या काळांची वास्तुकला, वेशभूषा, निसर्गचित्रण, जहाजांची रचना, इतिहास, नाट्य, आणि शेवटी ध्वनिशास्त्रसुद्धा! ते शेवटचं कलम त्या वर्षीच्या डोकेदुखीतून आलेलं आहे.

त्यांचा उपाय जुनाच होता. कॅमेरा हलत नसेल तर प्रत्येक चौकट इतकी विचारपूर्वक रचा की तिच्याकडे बघत राहावं. ‘बुलडॉग ड्रमंड’ या 1929 च्या बोलपटाची मांडणी त्यांनी तशीच आधी कागदावर केली. त्यासाठी आणि ‘अलिबाय’साठीही त्यांना नामांकनं मिळाली.

सेड्रिक गिबन्स यांचं नाव जास्त ऐकू येतं. ते मोठे नव्हते का?

ऑस्कर मोजायची तर गिबन्स यांच्याकडे अकरा. ऑस्करची मूर्तीही त्यांच्याच आराखड्यावरून घडली. 1924 पासून 1956 पर्यंत ते एमजीएम या बड्या स्टुडिओच्या कलाविभागाचे प्रमुख होते आणि स्टुडिओच्या अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटावर त्यांचं नाव लागे, प्रत्यक्ष रेखाटन विभागातल्या दुसऱ्या कुणाचं असलं तरी.

मला ते उत्तम कारखानदार वाटतात. शंभर माणसांकडून एका दर्जाचं काम करून घेणं हे लहान कौशल्य नाही. मेंझीज मात्र कागद-कोळसा घेऊन स्वतः बसणारे होते. त्यांच्या चित्रपटात त्यांची रेघ ओळखू येते.

या क्षेत्रात तेव्हा स्त्रिया होत्या का?

होत्या, थोड्या. सर्वांत लखलखीत नाव नताशा रँबोव्हा. रशियन नाव घेतलेली ही बाई जन्माने सॉल्ट लेक सिटीची. 1921 चा ‘कमील’ आणि 1923 चा ‘सालोमे’ यांचं रूप तिचं. ‘सालोमे’चं नेपथ्य इंग्रज चित्रकार ऑब्री बिअर्ड्स्लीच्या काळ्यापांढऱ्या रेखाचित्रांवरून सरळ पडद्यावर आणलेलं. नट रूडॉल्फ व्हॅलेंटिनोची बायको म्हणूनच तिचा उल्लेख होतो याचं मला वाईट वाटतं. तिची कारकीर्द फार लवकर संपली.

‘प्रॉडक्शन डिझायनर’ हे पद त्यांच्यामुळे आलं हे खरं का?

हो. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी 1937 साली ‘गॉन विथ द विंड’ची तयारी करताना ठरवलं की संपूर्ण पटकथा चित्रांतून मांडायची, आणि हे करू शकणारा माणूस म्हणजे मेंझीज. पण ‘कलादिग्दर्शक’ या नावात हे काम मावत नव्हतं. सेट, रंग, कॅमेऱ्याची जागा, एका दृश्यातून दुसऱ्यात जाणं, सगळंच त्यांच्याकडे होतं. म्हणून ‘प्रॉडक्शन डिझाइन’ असं नवं श्रेय पडद्यावर आलं. कलादिग्दर्शक म्हणून लाइल व्हीलर होते, आणि त्या विभागाचं ऑस्कर त्यांनाच मिळालं.

या चित्रपटाचे दिग्दर्शक बदलत गेले. जॉर्ज क्यूकर गेले, व्हिक्टर फ्लेमिंग आले, ते थकले तेव्हा सॅम वुड आले. तरी चित्रपट एकाच डोळ्याने पाहिल्यासारखा वाटतो. कारण चित्रं बदलली नाहीत.

गोष्टीतल्या अटलांटा शहराच्या आगीचं चित्रण 10 डिसेंबर 1938 च्या रात्री झालं, आणि ते मेंझीज यांच्या देखरेखीखाली. नवीन सेट बांधायला मागची जागा रिकामी करायचीच होती, तर जुनेच सेट पेटवून त्यांचं अटलांटा करायचं, अशी ती युक्ती. ‘किंग काँग’ची प्रचंड भिंत त्या रात्री जळाली. रंगीत चित्रणाचे सात कॅमेरे लावले होते, कारण आग पुन्हा पेटवता येणार नव्हती.

नायिकेचं टारा हे घर म्हणजे नुसता दर्शनी भाग, आत खोल्या नाहीत. अनेक ठिकाणी छत, झाडांचे शेंडे, इमारतींचे वरचे मजले जॅक कॉसग्रोव्ह यांनी रंगवून जोडले आहेत. फोर्ट लीच्या काळातल्या काचेचाच हा थोरला भाऊ. रंगाच्या वापरातून प्रसंगाचा भाव खुलवल्याबद्दल मेंझीज यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीने विशेष सन्मान दिला.

छायाचित्रकाराला अशा माणसाबरोबर काम करणं जड जात नसेल?

1942 च्या ‘किंग्ज रो’चे छायाचित्रकार जेम्स वाँग हाव यांनी सांगितलं आहे की कॅमेरा किती उंचीवर असावा, लेन्स कोणती असावी, हे मेंझीज यांच्या चित्रांतच ठरलेलं असे. दिग्दर्शक सॅम वुड नटांकडे लक्ष देत, चौकटीकडे मेंझीज. हाव स्वतः अव्वल दर्जाचे छायाचित्रकार होते आणि तरी त्यांनी ते स्वीकारलं, यावरून त्या चित्रांची ताकद समजावी.

मग ते स्वतःच दिग्दर्शक का झाले नाहीत?

झाले. 1936 चा ‘थिंग्ज टु कम’ त्यांचाच, निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांच्यासाठी, एच. जी. वेल्स यांच्या लेखनावरून. भविष्यातलं पांढरं, जमिनीखालचं शहर अजूनही थक्क करतं. पण माणसं बोलू लागली की चित्रपट थिजतो. 1953 च्या ‘इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स’मध्ये मात्र त्यांना स्वतःला साजेशी गोष्ट सापडली: एका मुलाला दिसणारं जग. पोलिसचौकीची खोली उंच, रिकामी, टेबल पोराच्या डोक्यावर जाणारं. पैसे फार कमी होते, म्हणून त्यांनी सेट जवळजवळ मोकळेच ठेवले आणि ते मोकळेपणच भीतिदायक झालं.

नटांशी बोलून भूमिका काढून घेणं त्यांना जमत नसे, हे मान्य करायला हवं. त्यांचं सगळं म्हणणं पेन्सिलीतून यायचं.

ते सेट आज कुठे पाहता येतात?

कुठेच नाही. लाकूड, कापड आणि प्लास्टर; काम झालं की पाडायचं किंवा पुढच्या चित्रपटात रंग बदलून वापरायचं. उरली ती रेखाटनं, काही अमेरिकेतल्या संग्रहांत, आणि फिल्म.

पाहायला सुरुवात कुठून करू?

‘द थीफ ऑफ बगदाद’, 1924 चा, 1940 चा नव्हे. (1940 च्या चित्रपटातही मेंझीज सहनिर्माते होते आणि त्यात आपल्या म्हैसूरकडचा नट साबू आहे, तो नंतर पाहा.) अमेरिकेत तो स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, त्यामुळे इंटरनेटवर सहज मिळतो. मात्र धूसर प्रत घेऊ नका. या चित्रपटात धूसरपणा म्हणजे निम्मा सेट गेल्यासारखं. पहिल्यांदा गोष्टीसाठी पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, दृश्य थांबवत थांबवत, नुसती जमीन पाहा: फेअरबँक्स राजवाड्याच्या भिंतीपाशी येतात तेव्हा त्यांच्या पायाखाली त्यांचंच प्रतिबिंब पडलेलं दिसेल.